वणव्याचे ठिपके मोजले; जळालेल्या जंगलाचा हिशेब कुठे?

होळी उलटली की महाकोशलातील जंगलांत दोन गोष्टी बरोबरच सुरू होतात. पहाटे मोहाची फुले जमिनीवर गळू लागतात आणि दुपार कलली की डोंगरांच्या कुशीतून धुराचे लोट उठू लागतात. जबलपूरच्या आसपासच्या मंडला, दिंडोरी, उमरिया, सिवनी आणि बालाघाट या जिल्ह्यांतील वनरक्षकांच्या मोबाइलवर याच दिवसांत लघुसंदेश येऊ लागतात. संदेशात अक्षांश, रेखांश आणि आगीचे ठिकाण असते. सुमारे सव्वाआठशे किलोमीटर उंचीवरून जाणाऱ्या उपग्रहाने त्या जागी उष्णतेचा ठिपका टिपलेला असतो. वनरक्षक दोन-चार हंगामी मजुरांना घेऊन निघतो, हिरव्या फांद्यांनी झोडपून किंवा पालापाचोळा बाजूला सारून आग विझवतो आणि नोंदवहीत एक ओळ लिहितो. तेथे ते प्रकरण संपते.

खरा प्रश्न मात्र त्यानंतर सुरू होतो. त्या आगीत किती जंगल जळाले, कोणत्या प्रतीचे जळाले, किती रोपे मेली, पुढच्या दहा वर्षांत त्या जागी काय उगवेल? या प्रश्नांची उत्तरे देण्याइतके तंत्रज्ञान आज देशात आहे. त्यासाठी लागणारे उपग्रह आहेत, प्रयोगशाळा आहेत, प्रशिक्षित माणसे आहेत. तरीही संसदेत वा विधानसभेत वणव्यांचा विषय निघाला की सरकारी उत्तरात प्रामुख्याने येतो तो आगीच्या ठिपक्यांचा आकडा. आग लागल्याची बातमी देणारी यंत्रणा उभी राहिली. पण आगीने काय नेले, याचा गावपातळीपर्यंत पोहोचणारा हिशेब अजून उभा राहिलेला नाही. वनव्यवस्थापनाचा पैसा, अधिकाऱ्यांची जबाबदारी आणि आदिवासींवर येणारा आळ या तिन्ही गोष्टी या हिशेबाशी जोडलेल्या आहेत. म्हणून हा विषय केवळ तांत्रिक राहत नाही.

मध्य प्रांतापासूनचा वाद

या चर्चेत जबलपूरला विशेष स्थान आहे. राज्य वन संशोधन संस्था आणि केंद्र सरकारच्या भारतीय वानिकी संशोधन व शिक्षण परिषदेची उष्णकटिबंधीय वन संशोधन संस्था या दोन्ही संस्था याच शहरात आहेत. यांतील केंद्रीय संस्थेचे कार्यक्षेत्र मध्य प्रदेश व छत्तीसगडबरोबर महाराष्ट्रापर्यंत पसरलेले आहे. त्यामुळे मेळघाट किंवा गडचिरोलीच्या सागवानी जंगलाचा प्रश्न आणि मंडल्याच्या जंगलाचा प्रश्न शास्त्रीयदृष्ट्या एकाच दप्तरात येतात. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेपर्यंत तर ते प्रशासकीयदृष्ट्याही एकाच दप्तरात होते. १८६१ मध्ये स्थापन झालेल्या मध्य प्रांताची राजधानी नागपूर होती आणि सातपुड्याच्या दोन्ही अंगांची जंगले एकाच वनखात्याच्या अखत्यारीत होती.

जंगलातील आग रोखण्याचा संघटित सरकारी प्रयोग याच प्रांतात सुरू झाला. १८६० च्या दशकात पिअर्सन या ब्रिटिश अधिकाऱ्याने होशंगाबाद जिल्ह्यातील बोरीच्या जंगलात आगबंदी यशस्वी करून दाखवली. मध्य भारतातील जंगल दरवर्षी जळायचेच, ते थांबवता येणार नाही, असे मानणाऱ्यांना त्या प्रयोगाने उत्तर मिळाले. त्याच विचारातून पुढे आगीचा सारा दोष जंगलात राहणाऱ्यांच्या माथी मारण्याची रीतही पडली. बैगा समाजाच्या फिरत्या शेतीवर निर्बंध आले आणि १८९० मध्ये आजच्या दिंडोरी जिल्ह्यातील मर्यादित क्षेत्रात, म्हणजे बैगाचक येथे, तिला जागा ठेवण्यात आली. १९२७ च्या भारतीय वन कायद्याने राखीव जंगलात आग लावणे हा गुन्हा ठरवला. आगीचे कारण आधीच ठरलेले आणि आगीचे मोजमाप मात्र अंदाजाने, ही पद्धत तेव्हापासूनची आहे. उपग्रह आले तरी ती पुरती बदललेली नाही.

ठिपका म्हणजे क्षेत्र नव्हे

भारतीय वन सर्वेक्षण या डेहराडूनच्या संस्थेने २००४ पासून उपग्रहाच्या साहाय्याने वणव्यांवर लक्ष ठेवण्यास सुरुवात केली. अमेरिकेच्या ‘टेरा’ आणि ‘अ‍ॅक्वा’ या उपग्रहांवरील ‘मोडिस’ हे उपकरण त्यासाठी वापरण्यात आले. पुढे ‘सुओमी एनपीपी’ उपग्रहावरील ‘व्हायर्स’ हे अधिक सूक्ष्म उपकरण वापरात आले. हैदराबादजवळच्या शादनगर येथील भूकेंद्रावर ही माहिती उतरते, राष्ट्रीय सुदूर संवेदन केंद्र तिच्यावर प्रक्रिया करते, डेहराडूनला ती जंगलाच्या नकाशांवर बसवली जाते आणि तेथून संदेश क्षेत्रीय कर्मचाऱ्यांपर्यंत जातो. जानेवारी २०१९ मध्ये या यंत्रणेची सुधारित आवृत्ती आली आणि मोठ्या वणव्यांचा सलग मागोवा घेण्याचा कार्यक्रमही सुरू झाला. मध्य प्रदेशाच्या वनखात्याने तर त्याआधीच अमेरिकेतील मॅरीलंड विद्यापीठाच्या माहितीप्रणालीच्या आधारे कर्मचाऱ्यांना मोबाइलवर इशारे देण्याची स्वतःची व्यवस्था उभी केली होती. या कामात ते अग्रेसर राज्यांपैकी एक होते.

या यंत्रणेचे मोल कमी लेखण्याचे कारण नाही. टेहळणी मनोऱ्यावरून धूर दिसण्याची वाट पाहणे आणि काही तासांत नेमके ठिकाण हाती येणे, यात मोठे अंतर आहे. पण या यंत्रणेचे काम इशारा देण्याचे आहे. तिच्या आकड्यांना नुकसानीचा आकडा समजले की घोळ सुरू होतो.

हा घोळ किती मोठा असू शकतो, हे एकाच हंगामाच्या आकड्यांवरून कळते. नोव्हेंबर २०२० ते जून २०२१ या काळात ‘मोडिस’ने देशातील जंगलांत ५२,७८५ आगी नोंदवल्या. त्याच काळात, त्याच जंगलांत ‘व्हायर्स’ने नोंदवलेल्या आगींची संख्या ३,४५,९८९ होती. जंगल एक, हंगाम एक, आणि आकड्यांत साडेसहा पटींची तफावत. याचा अर्थ एक उपकरण खोटे बोलत होते असा नाही. ‘मोडिस’चा एक चौकोन एक किलोमीटर लांबी-रुंदीचा, म्हणजे शंभर हेक्टरांचा असतो. ‘व्हायर्स’चा चौकोन ३७५ मीटरचा, म्हणजे सुमारे चौदा हेक्टरांचा असतो. चौकोन जितका लहान तितक्या लहान आगी पकडल्या जातात आणि एकच मोठी आग अनेक ठिपक्यांत मोजली जाते. चौदा हेक्टरांच्या चौकोनात प्रत्यक्षात अर्धा एकर पालापाचोळा जळत असेल किंवा सगळे चौदा हेक्टर पेटलेले असतील. नोंद दोन्ही वेळा एका ठिपक्याचीच होते.

वेळेचीही मर्यादा आहे. ‘सुओमी एनपीपी’ उपग्रह एखाद्या भागावरून दुपारी दीडच्या आणि मध्यरात्रीनंतर दीडच्या सुमारास जातो. संध्याकाळी चारला लागलेली आणि रात्री दहाला विझलेली आग त्याच्या नजरेतून सुटू शकते. ‘इन्सॅट’ मालिकेतील हवामान उपग्रह एकाच जागी राहून दर अर्ध्या तासाने चित्र देतात; पण त्यांचा चौकोन काही किलोमीटरांचा असल्याने लहान आग त्यांना दिसत नाही. उलटपक्षी, वनखाते हंगामाआधी स्वतः जी जाळरेषा काढते, तीही उपग्रहाला आगच दिसते. नर्मदेच्या खोऱ्यात एप्रिलमध्ये गव्हाची नरवाई, म्हणजे कापणीनंतर उरलेली ताटे, जाळली जाते. जंगलाच्या हद्दीलगतच्या शेतातील हा जाळ नकाशाच्या किरकोळ चुकीने जंगलात पडू शकतो आणि प्रत्यक्षातही वाऱ्याने जंगलात शिरू शकतो. या दोहोंतील भेद केवळ ठिपक्यावरून कळत नाही.

तरीही हेच आकडे राजकीय युक्तिवादात वापरले जातात. ‘व्हायर्स’ची नोंद २०२०-२१ मधील ३,४५,९८९ वरून २०२१-२२ मध्ये २,२३,३३३, २०२२-२३ मध्ये २,१२,२४९ आणि २०२३-२४ मध्ये २,०३,५४४ अशी खाली आली. चार हंगामांतील ही घट सुमारे ४१ टक्क्यांची आहे आणि ती शासनाच्या यशाची खूण म्हणून मांडणे सोपे आहे. परंतु यातील किती घट अवकाळी पावसाची, किती लोकांच्या सहभागाची आणि किती अग्निशमनाची, हे आकडा सांगत नाही. शिवाय मोजणीचा पायाच मुळी २०२०-२१ हे अपवादात्मक वाईट वर्ष आहे. त्या हंगामात ओडिशाखालोखाल सर्वाधिक ठिपके मध्य प्रदेशात पडले होते. त्यांची संख्या ४७,७९५ होती.

राखेची खूण आणि तिचे आयुष्य

जळालेले क्षेत्र मोजण्याची रीत वेगळी आहे. तेथे उष्णतेऐवजी जमिनीवरून परत फिरणारा प्रकाश पाहावा लागतो. हिरवे पान निकट अवरक्त किरण मोठ्या प्रमाणात परावर्तित करते आणि लघुतरंग अवरक्त किरण पानातील पाणी शोषून घेते. जंगल जळाले की हे नाते उलटते. आगीपूर्वीच्या आणि आगीनंतरच्या चित्रांतील हा फरक गणिताने काढला की जळालेल्या भागाची सीमा मिळते. फरक किती मोठा आहे, यावरून दाहाची तीव्रताही ढोबळमानाने ठरवता येते. यासाठी ‘रिसोर्ससॅट’ या भारतीय उपग्रहांवरील ‘अ‍ॅविफ्स’ आणि ‘लिस-३’ ही उपकरणे, अमेरिकेचा ‘लँडसॅट’ आणि युरोपचा ‘सेंटिनेल-२’ उपलब्ध आहेत. ‘लँडसॅट’ची चित्रे २००८ पासून विनामूल्य मिळतात. ‘सेंटिनेल-२’च्या जोडीमुळे २०१७ पासून दर पाच दिवसांनी दहा ते वीस मीटर सूक्ष्मतेचे चित्र फुकट हाती येते. खर्चाची सबब आता उरलेली नाही.

मध्य भारताच्या जंगलाची अडचण निराळीच आहे. साग, मोहा, तेंदू, धावडा यांचे हे पानगळीचे जंगल फेब्रुवारी-मार्चमध्ये स्वतःच उघडे पडते. डिसेंबरचे हिरवे चित्र आणि एप्रिलचे उघडे चित्र एकमेकांशेजारी ठेवले, तर न जळालेले जंगलही जळाल्यासारखे दिसते. म्हणून तुलना मागील वर्षांच्या त्याच पंधरवड्याशी करावी लागते. दुसरी अडचण म्हणजे राखेचे अल्प आयुष्य. वारा आणि वळवाच्या सरी काही आठवड्यांतच काळी खूण पुसून टाकतात आणि जूनमध्ये पाऊस झाला की त्या जागी गवताची हिरवळ येते. ‘लिस-३’सारखे उपकरण त्याच जागी चोवीस दिवसांनी परतते. मधल्या काळात खूण गेली तर मोजणी हुकते. तिसरी अडचण सर्वांत महत्त्वाची आहे. येथील बहुतेक वणवे जमिनीलगतचे असतात. ते पालापाचोळा, गवत, झुडपे आणि लहान रोपे जाळतात. उंच झाडांचा शेंडा शाबूत राहतो. वरून पाहणाऱ्या उपग्रहाला साल वृक्षांच्या दाट छत्राखालचा जाळ नीट दिसत नाही. म्हणजे जेथे पुनरुत्पत्ती सर्वांत मोलाची आहे, तेथेच मोजमाप सर्वांत कच्चे ठरते.

या अडचणींवर मात करून मोजणी झाल्याची उदाहरणे आहेत. राष्ट्रीय सुदूर संवेदन केंद्राच्या शास्त्रज्ञांनी ‘अ‍ॅविफ्स’च्या आधारे २०१४ या एका वर्षाचा देशव्यापी नकाशा तयार केला. त्या वर्षी सुमारे ५७ हजार चौरस किलोमीटर वनक्षेत्र जळाल्याचे त्यांना आढळले. हे प्रमाण देशाच्या वनाच्छादनाच्या सुमारे सात टक्के होते आणि सर्वाधिक झळ शुष्क पानगळीच्या जंगलांना बसली होती. महाराष्ट्राचे सगळे वनाच्छादन ५१ हजार चौरस किलोमीटरांच्या आत आहे, हे लक्षात घेतले म्हणजे या आकड्याचा आवाका कळतो.

डिसेंबर २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘भारत वन स्थिती अहवाल २०२३’ने या दिशेने आणखी एक पाऊल टाकले. २०२३-२४ च्या हंगामात सुमारे साडेचौतीस हजार चौरस किलोमीटर क्षेत्राला आगीची झळ लागल्याचे त्यात म्हटले आहे. २०१४ च्या अभ्यासाशी हा आकडा थेट जोडता येणार नाही, कारण मोजण्याची पद्धत भिन्न आहे. पण याच अहवालातील दोन क्रमवाऱ्या शेजारी ठेवल्या तर मूळ मुद्दा स्पष्ट होतो. ठिपक्यांच्या संख्येत उत्तराखंड, ओडिशा आणि छत्तीसगड ही पहिली तीन राज्ये होती. जळालेल्या क्षेत्रात आंध्र प्रदेश पहिला, महाराष्ट्र दुसरा आणि तेलंगणा तिसरा होता. दोन्ही याद्यांत एकही नाव समान नाही. त्या उन्हाळ्यात राजधानीतील चर्चा उत्तराखंडाच्या वणव्यांभोवती फिरत होती. उत्तराखंडाचे दुःख मोठेच होते. बिनसरमध्ये वनकर्मचाऱ्यांचे जीव गेले. पण क्षेत्राच्या मोजमापाने ज्या राज्यांकडे बोट दाखवले, त्यांची चर्चा झाली नाही. महाराष्ट्राच्या प्रशासनाने या दुसऱ्या क्रमांकाची जेवढी दखल घ्यायला हवी होती, तेवढी सार्वजनिक चर्चेत तरी दिसली नाही.

वनाच्छादनाच्या आकड्याआड

ठिपका ही पहिली पायरी आणि जळालेले क्षेत्र ही दुसरी. तिसरी पायरी प्रत्यक्ष हानीची आहे आणि तीच सर्वांत दुर्लक्षित आहे. याचे एक कारण वनांच्या सरकारी मोजणीतच दडलेले आहे. वनाच्छादनाच्या नकाशासाठी पावसाळ्यानंतरची, म्हणजे ऑक्टोबर ते डिसेंबरच्या सुमाराची चित्रे वापरली जातात. ढग नसतात आणि झाडे पानांनी भरलेली असतात, म्हणून हा काळ तांत्रिकदृष्ट्या योग्यच आहे. एक हेक्टरपेक्षा मोठे आणि दहा टक्क्यांहून अधिक वृक्षच्छत्र असलेले क्षेत्र त्यात वन म्हणून मोजले जाते. मात्र वणवे लागतात फेब्रुवारी ते जूनमध्ये. ऑक्टोबर येईपर्यंत उंच झाडांना पाने फुटलेली असतात, राख वाहून गेलेली असते आणि जंगल पुन्हा हिरवे दिसते.

मध्य प्रदेशाचे वनाच्छादन २०२३ च्या अहवालानुसार ७७,०७३ चौरस किलोमीटर आहे आणि देशात ते सर्वाधिक आहे. दरवर्षी जळूनही हा पहिला क्रमांक टिकतो. कारण आगीत मरते ती पुढची पिढी आणि मोजली जाते ती आजची. सागाला निदान खोडाच्या बुंध्यातून धुमारे फुटतात. सालचे बी पावसाच्या तोंडावर गळते आणि त्याची उगवणक्षमता फार तर थोडे दिवस टिकते. त्यातून उगवलेली रोपे वर्षानुवर्षे जमिनीलगत तग धरतात. दर उन्हाळ्यात ती जळाली, तर वरचे छत्र म्हातारे होत जाते आणि खाली वारस उरत नाही. हे नुकसान वीस-तीस वर्षांनी वनाच्छादनाच्या आकड्यांत उतरेल तेव्हा त्याचे कारण शोधणे अशक्य होईल.

केंद्रीय पर्यावरण मंत्रालय आणि जागतिक बँक यांनी २०१८ मध्ये संयुक्तपणे प्रसिद्ध केलेल्या अहवालात वणव्यांमुळे होणारी हानी वर्षाला किमान १,१०१ कोटी रुपयांची सांगितली आहे. त्यातील ‘किमान’ हा शब्द महत्त्वाचा आहे. खात्याच्या नेहमीच्या नोंदीत मोल धरले जाते ते प्रामुख्याने उभ्या झाडांच्या लाकडाचे. जमिनीलगतच्या वणव्यात उभे झाड सहसा मरत नाही; त्यामुळे नोंदवहीत शेकडो हेक्टर जळूनही ‘नुकसान नगण्य’ असा शेरा बसू शकतो. रोपे, मातीतील ओलावा, गवतावर जगणारे प्राणी, तेंदूपाने आणि मोहावर चालणारी घरे यांना त्या हिशेबात रकाना नसतो.

बांधवगडचा धडा

मार्च २०२१ च्या अखेरीस उमरिया जिल्ह्यातील बांधवगड व्याघ्र प्रकल्पात लागलेल्या आगीने हे सारे चव्हाट्यावर आणले. आग अनेक दिवस चालली आणि प्रकल्पाच्या अनेक वनपरिक्षेत्रांत पसरली. समाजमाध्यमांवर चित्रे झळकली, राज्य सरकारवर टीका झाली आणि जमिनीलगतची आग असल्याने वन्यजीवांची हानी झाली नाही, असे समजावून सांगण्यात आले. दोन्ही बाजू आपापल्या परीने बोलत राहिल्या. खरे तर हा वाद शब्दांनी मिटणारा नव्हता. आगीपूर्वीचे चित्र, आगीनंतरचे चित्र, तीव्रतेनुसार रंगवलेला नकाशा आणि प्रत्येक रंगातील काही नमुना भूखंडांची प्रत्यक्ष पाहणी एवढे लोकांसमोर ठेवले असते, तर टीका अतिरंजित होती की खुलासा अपुरा होता, याचा निकाल लागला असता.

कर्नाटकातील बंदीपूर येथे फेब्रुवारी २०१९ मध्ये असाच प्रसंग आला होता. तेथे राष्ट्रीय सुदूर संवेदन केंद्राने काही दिवसांतच उपग्रह चित्रांवरून जळालेल्या क्षेत्राचा अंदाज दिला. तो चार हजार हेक्टरांच्या वर होता आणि त्यामुळे चर्चेला ठोस आधार मिळाला. म्हणजे इच्छा असली तर मोजणी आठवड्याभरात होऊ शकते. गाजलेल्या वणव्यासाठी ती होते. मंडला किंवा दिंडोरीतील नाव नसलेल्या टेकडीवरच्या वणव्यासाठी ती कोण करणार, हा प्रश्न उरतो.

दोष कोणाचा, नोंद कोणाची

मोजणी टाळली जाण्यामागे प्रशासनाची एक साधी मानसिकता आहे. जळालेले क्षेत्र मोठे दाखवणे म्हणजे चौकशी ओढवून घेणे, ही धारणा खालच्या पातळीवर खोल रुजलेली आहे. वनरक्षकाकडे कित्येक चौरस किलोमीटरांचे बीट, हाताशी मोजके हंगामी मजूर आणि अनुदान उशिरा येणारे. अशा माणसाने स्वतःविरुद्ध पुरावा लिहून द्यावा, ही अपेक्षाच अवास्तव आहे. ज्याने आग विझवायची, त्यानेच नुकसान मोजायचे, ही रचना बदलल्याशिवाय आकडे खरे होणार नाहीत. दुष्काळाची पैसेवारी ठरवताना महसूल खात्याला जो अनुभव येतो, त्याचीच ही वनखात्यातील आवृत्ती आहे. फरक इतकाच, की पैसेवारीविरुद्ध शेतकरी ओरड करतो आणि जळालेल्या रोपांच्या वतीने ओरडणारे कोणी नसते.

या व्यवस्थेची दुसरी बळी म्हणजे मोह वेचणारी माणसे. फुले दिसावीत म्हणून झाडाखालचा पाला जाळण्याची रीत आहे आणि त्यातून वणवे लागतात, हे नाकारण्यात अर्थ नाही. तेंदूला नवी पाने फुटावीत, गुरांना कोवळे गवत मिळावे, गळालेली शिंगे सापडावीत, म्हणूनही आगी लावल्या जातात. पण नरवाईचा जाळ जंगलात शिरतो, रस्त्याकडेला फेकलेली विडी पेट घेते आणि खात्याची जाळरेषाही कधी हाताबाहेर जाते. यांपैकी कोणत्या कारणाचा वाटा किती, हे प्रत्येक वणव्याची सुरुवात नकाशावर कोठे झाली, यावरून बऱ्याच अंशी सांगता येते. शेताच्या बांधापासून सुरू झालेला, रस्त्यालगत सुरू झालेला आणि मोहाच्या झाडांभोवती सुरू झालेला वणवा यांची आकृती निरनिराळी असते. असा नकाशा नसेल, तर ‘अज्ञात व्यक्तीविरुद्ध’ गुन्हा नोंदवणे आणि संशय गावावर ठेवणे हाच सोपा मार्ग उरतो. २००६ च्या वनहक्क कायद्याने ग्रामसभेला जंगलाच्या रक्षणाचे अधिकार दिले. ज्या ग्रामसभेवर ही जबाबदारी आहे, तिच्या हाती तिच्या जंगलाचा जळिताचा नकाशा नसणे ही विसंगती आहे.

येथे एक सावधगिरीही हवी. जळालेले सगळेच क्षेत्र म्हणजे नुकसान नव्हे. व्याघ्र प्रकल्पांतील गवताळ मैदाने काही वेळा हेतुपुरस्सर, ठरावीक तुकड्यांत जाळली जातात. हंगामाच्या आरंभी लागलेली हलकी आग पाल्याचा साठा कमी करून पुढचा भीषण वणवा टाळते, असे मानणारे वनशास्त्रज्ञही आहेत. संपूर्ण आगबंदीचा वसाहतकालीन आग्रह त्यांना मान्य नाही. हा युक्तिवाद मोजणीच्या विरोधात जात नाही. उलट तिची गरज वाढवतो. हलकी आग कोणती आणि मारक कोणती, एकाच जागी तीन वर्षांत तीनदा आग आली की दहा वर्षांतून एकदा, हे कळल्याशिवाय या मतभेदाचा निर्णय होणार नाही.

करता येण्यासारखे

यासाठी नवी संस्था काढण्याची आवश्यकता नाही. मध्य प्रदेशात वणव्यांचा हंगाम १५ फेब्रुवारी ते १५ जून असा धरला जातो. हंगाम संपण्याची वाट न पाहता दर पंधरवड्याला ‘सेंटिनेल-२’ आणि ‘रिसोर्ससॅट’च्या चित्रांवरून बीटवार जळिताचा नकाशा काढता येईल आणि राखेची खूण पुसली जाण्याआधी तो पक्का करता येईल. नकाशा काढण्याचे काम आग विझवणाऱ्या विभागाकडे न देता जबलपूरच्या दोन्ही संशोधन संस्थांसारख्या तटस्थ यंत्रणेकडे द्यावे लागेल. तीव्रतेच्या प्रत्येक वर्गातील ठरावीक भूखंडांत उन्हाळ्यात एकदा आणि पावसाळ्यानंतर पुन्हा रोपांची मोजणी झाली, की उपग्रहाच्या रंगाचा जमिनीवरील अर्थ कळेल. महाराष्ट्रात हेच काम नागपूरच्या महाराष्ट्र सुदूर संवेदन उपयोजन केंद्राच्या मदतीने होऊ शकते. गडचिरोली हा देशातील सर्वाधिक वणव्यांच्या जिल्ह्यांत वारंवार मोडणारा जिल्हा त्याच विभागात आहे.

पैशाचे सूत्रही त्यानुसार बदलावे लागेल. केंद्राच्या वणवे प्रतिबंध व व्यवस्थापन योजनेत बहुतेक राज्यांसाठी केंद्र आणि राज्य यांचा वाटा ६०:४० असा आहे. हा निधी ज्या निकषांवर वाटला जातो, त्यांत वारंवार जळणारे क्षेत्र आणि त्याची पुनरुत्पत्ती यांना वजन मिळाले, तर खरी नोंद करणाऱ्या राज्याला शिक्षेऐवजी साहाय्य मिळेल. त्याचबरोबर प्रामाणिकपणे मोठे क्षेत्र नोंदवणाऱ्या कर्मचाऱ्यावर केवळ त्या कारणाने कारवाई होणार नाही, हे लेखी आदेशाने स्पष्ट करावे लागेल. जळिताचे नकाशे ग्रामसभेत आणि संकेतस्थळावर खुले झाले, तर मोहाच्या झाडाखाली जाळ्या कोठे वाटायच्या, नरवाईवर कोणत्या गावांत लक्ष ठेवायचे आणि जाळरेषा कोठून काढायची, हे ठरवताना अंदाजाची गरज उरणार नाही.

मध्य प्रदेश आणि महाराष्ट्र ही दोन्ही राज्ये वाघांच्या संख्येचा अभिमान बाळगतात. वाघ मोजण्यासाठी कॅमेरे, पट्ट्यांची ओळख आणि स्वतंत्र शास्त्रीय पडताळणी यांची शिस्त देशाने अंगीकारली. कारण सरिस्कातील वाघ कागदावर होते आणि जंगलात नव्हते, हे २००५ मध्ये उघड झाले होते. वणव्यांच्या बाबतीत तशा धक्क्याची वाट पाहण्याचे कारण नाही. येत्या फेब्रुवारीत पानगळ सुरू होईल आणि वनरक्षकांच्या मोबाइलवर पुन्हा संदेश येऊ लागतील. त्या संदेशांपैकी किती जागांचा जळिताचा नकाशा जूनपूर्वी तयार होतो आणि त्यांतील किती जागी पुढच्या हिवाळ्यात कोणी रोपे मोजायला जाते, यावरच या यंत्रणेची खरी परीक्षा होईल.